पगारासाठी की सेवेसाठी? अकरा वर्षांनी पुन्हा ड्युटीवर जाताना

दुसरी_पाळी (धागाकर्ती)

सगळ्यांना सलाम. इथे तीन-चार वर्षं नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरची, ख्रिस्ती. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) २००४ ला झाले, तेव्हापासून २०१३ पर्यंत दोन हॉस्पिटलांत स्टाफ नर्स होते. धाकट्याच्या वेळी रजा घेऊन घरी आले ती आलेच. तो चार वर्षांचा झाला, बालवाडीला जायला लागला, आता अर्ज टाकू म्हणत होते तोच सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यानंतर सात वर्षं त्या अंथरुणावर होत्या. लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) चौथ्या आठवड्यात प्रभूमध्ये झोपी गेल्या.

मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. ऑर्डर आली की ओव्हरटाइम, नसली की आठवड्यातले चारच दिवस यंत्रं चालतात. थोरली दहावीला. घरात कोणाला भरवायचं नाही, कोणाची कूस बदलायची नाही, आणि मी मात्र अजून पहाटे चारला जागी होते. म्हणून अर्ज केला.

दोन गोष्टी घडल्या. त्यासाठीच हा धागा.

पहिली मुलाखतीतली. समोरचा मॅनेजर माझ्या धाकट्या दिराच्या वयाचा. फाइल चाळली आणि चांगल्या आवाजातच विचारलं, "मॅडम, २०१३ नंतर काय करत होता?" मी म्हटलं, "काही नाही, घरीच होते." त्यानं फॉर्मवरच्या त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. रिक्षा सात रस्ता चौकापर्यंत आली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की आपण काय बोलून बसलो. दर दोन तासांनी कूस बदलणं, नळीतून पेज, लघवीची पिशवी, पाठीला पावडर. सात वर्षांत त्यांच्या माकडहाडावर एक लाल चट्टासुद्धा टिकू दिला नाही. आणि कुणी विचारलं तर माझ्या तोंडून काय येतं, काही नाही.

दुसरी गोष्ट आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) बायकांच्या बुधवारच्या प्रार्थनेतली. नोकरीसाठी प्रार्थना करा असं मी सांगितलं. एक वयानं मोठ्या ताई आहेत, मनानं वाईट नाहीत. त्यांनी विचारलं, "पगारासाठी जातेस की सेवेसाठी? आधी ते देवाला विचार. पाचारण, देवाचं बोलावणं, नसलं की पाय घसरतो." सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान खाली घालून "सेवेसाठी" म्हटलं. खोटं बोलले, तेही प्रार्थनेच्या चटईवर बसून. मी पगारासाठी जातेय. मुलीच्या क्लासची फी भरायची आहे.

नोकरी मिळाली आहे, पुढच्या सोमवारपासून. पण तो प्रश्न काही जात नाही. विश्वासात असलेल्या आणि मोठ्या खंडानंतर कामावर परत गेलेल्या कुणी असाल तर सांगा. आपण कशासाठी जातोय हे तुम्हाला आधीच माहीत होतं का? नंतर कळलं? की कळलंच नाही?

---

रानजाई

अभिनंदन आधी! उद्देशाचं नंतर बोलू, पहिल्यांदा रजिस्ट्रेशन बघितलंस का? नर्सिंग कौन्सिलची नोंदणी पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्याला सीएनईचे (नर्सच्या पुढच्या शिक्षणाचे) तास दाखवावे लागतात. माझी बहीण यातच अडकली होती. ऑफर लेटर हातात आणि नोंदणीची मुदत संपलेली.

---

दुसरी_पाळी

हो, ते केलं. तास भरले, उशिराची फीही भरली. त्या फीसाठी कानातले ठेवावे लागले, ते वेगळं.

---

कडक_भाकरी

ताई, लै मनाला लागलं बघा ते "काही नाही".

आमची अम्मा विड्या वळायची. आम्ही तेलुगू, पूर्व भागातले. मांडीवर सूप, ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची, तंबाखू भरून दोरा मारायची. हजार विड्या व्हायला सकाळपास्नं संध्याकाळ. कारखान्यात नेल्या की त्यातल्या मूठभर नापास म्हणून बाजूला, त्याचे पैसे नाहीत. एकदा कसलातरी सर्व्हे करायला मास्तर आले. दारातच तिला विचारलं, "बाई, तुम्ही काय काम करता?" मांडीवर सूप, हातात कात्री, आन अम्मा म्हणते, "काही नाही सर, घरीच." सरांनी लिहूनबी घेतलं तसंच!

आता हिशेब करतो, थांबा. दोन तासाला एकदा म्हणजे दिवसाला १२. वर्षाला ४,३८०. सात वर्षांचे ३०,६६०. तीस हजार सहाशे साठ वेळा कूस बदलली ताईंनी. घाला म्हणावं त्या फॉर्मात.

---

दुसरी_पाळी

@कडक_भाकरी हसू आलं आणि रडूही. पण रात्री दोनची आणि चारची पाळी मिस्टरांची असायची. ते वजा करा, नाहीतर घरात भांडण.

---

कडक_भाकरी

मग २५,५५०. मिस्टरांना ५,११०. पावती फाडली.

---

जुन्या_चाळीतला

बेटा, मी सत्तरी ओलांडलेला माणूस. सोलापुरातच जन्मलो, मंडळीत पंचवीस वर्षं वडील मंडळावर (चर्चच्या ज्येष्ठांच्या मंडळावर) होतो. थोडं सविस्तर लिहितो.

माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. आमच्या घराला घड्याळ नव्हतं, गरजच नव्हती. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की डबा भरायचा. सोलापुरात १८७७ साली पहिली गिरणी उभी राहिली, तिला लोक अजून जुनी मिल म्हणतात. पुढे बाकीच्या आल्या आणि एकेक करून बंदही पडल्या. वडिलांची बंद पडली तेव्हा ते अठ्ठेचाळीसचे. दीड वर्ष घरी होते. त्या दीड वर्षात ते उपासनेला यायचे पण त्यांच्या नेहमीच्या तिसऱ्या बाकावर बसले नाहीत. शेवटच्या बाकावर, खांबामागे. दानाची थैली फिरायला लागली की बाहेर जाऊन चपला नीट लावायचे. हे मला तेव्हा कळलं नाही, स्वतःचा पगार थांबला तेव्हा कळलं.

मग एका शाळेत वॉचमन म्हणून लागले. उद्देश वगैरे सापडला का, तर नाही. वॉचमनची नोकरी सापडली. पहिल्या पगाराच्या रविवारी ते तिसऱ्या बाकावर येऊन बसले.

आता शास्त्राचं. पौल करिंथला गेला तेव्हा कोणाकडे उतरला? अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे. का? प्रेषितांची कृत्ये १८:३ काढून बघ: तिघांचा धंदा एकच, राहुट्या करण्याचा. सोलापूरच्या माणसाला हे समजवून सांगावं लागत नाही. जाडं कापड, सुई, दोरा, बोटांना घट्टे. आणि थेस्सलनीकाकरांना तो कारण काय लिहितो? तुमच्यापैकी कोणावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस श्रम केले. म्हणजे भाड्यासाठी आणि भाकरीसाठीच की! इफिसच्या मंडळीच्या वडिलांचा (ज्येष्ठांचा) निरोप घेतानाही तो आपले हात दाखवून सांगतो की या हातांनी माझ्या आणि माझ्या सोबत्यांच्या गरजा भागवल्या. आपल्याकडे उपदेशात पौलाच्या पत्रांवर तास तास बोलतात, राहुट्यांवर पाच मिनिटंही नाही.

त्या ताईंच्या प्रश्नाला तुझं खरं उत्तर पौलाचंच होतं. तू उगीच घाबरलीस.

---

कृपासागर

सिस्टर, प्रेज द लॉर्ड. तीन दिवस उपवास प्रार्थना करून निर्णय घ्या. यिर्मया २९:११ वाचा, तुमच्याविषयी देवाच्या योजना हिताच्या आहेत. पण स्त्रीचं पहिलं पाचारण घर आहे हे विसरू नका. दहावीच्या मुलीला आईची गरज असते. पैसा येतो नि जातो.

---

खडूस_सिस्टर

पैसा येतो नि जातो हे नेहमी ज्याच्याकडे येत असतो तोच सांगतो.

---

जुन्या_चाळीतला

@कृपासागर बंधू, २९:११ सगळ्यांच्या भिंतीवर असतं. त्याच्या वरचं वचन कॅलेंडरवर छापत नाहीत. १० व्या ओवीत, बाबेलला बंदी करून नेलेल्या यहूद्यांना तिथे सत्तर वर्षं काढावी लागतील असं आहे! आणि ५ ते ७ मध्ये त्या बंदिवानांना काय सांगितलं? घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याचं हित बघा. योजना कळेपर्यंत हात बांधून बसा असं यिर्मयानं कुठेही लिहिलेलं नाही.

---

रानजाई

"स्त्रीचं पहिलं पाचारण घर" वाचून राहवलं नाही.

माझी पणजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. सोलापूरहून पुण्याला येताना दौंड गेल्यावर केडगाव लागतं, तेच. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या, त्यातली ती. आईबाप गेलेले, वय कुणालाच माहीत नाही. रमाबाई स्वतः १८८२ मध्ये विधवा झालेल्या, पदरात एक मुलगी. त्यांनी या मुलींना नुसतं जेवू घालून स्तोत्रं म्हणायला बसवलं नाही. शेती, गाईगुरं, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं त्या बायकांनी चालवलं. पणजी छापखान्यात होती, अक्षरांचे खिळे जुळवायची. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल त्या छापखान्यात छापून पूर्ण झालं १९२४ मध्ये, त्या गेल्यावर दोन वर्षांनी. आमच्या घरी आजी सांगायची की पणजीच्या नखांतली शाई रविवारीसुद्धा निघायची नाही, आणि प्रभूभोजनाला हात पुढे करताना तिला लाज वाटायची. तिनं ते शास्त्र वाचलं नव्हतं. अक्षर न् अक्षर उलटं लावलं होतं मात्र.

नीतिसूत्रे ३१ ची सद्गुणी स्त्री आपण प्रत्येक लग्नात ऐकतो. ती लोकर आणि ताग आणते, चात फिरवते, कापड विणून विकते, शेत बघून विकत घेते. तिला कुणी विचारलं नाही आधी उपवास केलास का म्हणून.

---

मधला_बाक

एक प्रामाणिक प्रश्न, भांडण नको. नोकरी मिळाली, पैशांची गरज आहे, जा. यात देव कशाला आणायचा? श्रद्धा खाजगी ठेवली असती तर हा त्रासच झाला नसता.

---

दुसरी_पाळी

@मधला_बाक रागावले नाही. मी पहाटे उठून प्रार्थना करते, मग दूध तापवते. यातलं खाजगी कुठलं आणि घरातलं कुठलं हे मला वेगळं काढता येत नाही. त्या ताईंनी विचारलं नसतं तरी मी स्वतःला विचारलं असतंच. फक्त चारचौघांत विचारलं नसतं.

---

खडूस_सिस्टर

मी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. ३३ वर्षं. कपाटात माझ्या सेवापुस्तकाची प्रत आहे. नाव काय त्याचं? सेवापुस्तक. आत काय आहे? वेतनवाढ, अर्जित रजा, बदल्या, आणि दोनदा उशिरा आल्याची नोंद. शेवटच्या पानावर "सेवानिवृत्त". अख्खं सरकार पगारी कामाला सेवा म्हणतं, मंडळीतच कुणी ठरवलं की पगार घेतला की ती सेवा राहत नाही? आमच्या पाळकसाहेबांना पण मानधन मिळतं हो. मिळायलाच पाहिजे.

आता दुसरी बाजू, कारण तू भोळी दिसतेस. हे "सेवा" प्रकरण खाजगी हॉस्पिटलांनाही फार आवडतं. दुसरी ड्युटी सलग कर म्हटलं आणि पैसे विचारले की लगेच "सिस्टर, ही सेवा आहे." माझ्या धाकट्या बहिणीनं अशा एका ठिकाणी सहा वर्षं काढली, निघताना हातात पीएफचा नंबरसुद्धा नव्हता. तेव्हा:

नेमणूकपत्र लेखी घे. पगार, पाळ्या, साप्ताहिक सुट्टी त्यात लिहिलेली पाहिजे. वीस किंवा जास्त माणसं असली की पीएफ लागू होतो, आणि पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयचं (कामगारांच्या सरकारी विम्याचं) विचार. तू २०१३ ला सोडलंस म्हणजे यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक) यायच्या आधीचं खातं आहे तुझं, ते आलं २०१४ ला. जुना पीएफ नंबर शोध, पगाराच्या जुन्या चिठ्ठीवर असेल. ते पैसे तुझे आहेत, परमेश्वरानं ठेवलेले नाहीत तिथे, तुझ्या पगारातून कापलेले आहेत.

आणि उपदेशातलं ते "जे काही करता ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून मनापासून करा" तुला पहिल्या आठवड्यात कुणीतरी ऐकवणारच. कलस्सै ३:२३. ते दासांना उद्देशून आहे, वरची ओवी वाच. आणि पान उलटून ४:१ पण वाच, तिथे धन्यांना सांगितलंय की दासांशी न्यायानं आणि समतेनं वागा, तुमचाही धनी स्वर्गात आहे. पहिली ओवी आपल्याला पाठ, दुसरी मालकांना कुणी पाठ करून घेतली नाही. याकोब ५:४ तर विचारूच नकोस, तिथे मजुरांची अडकवलेली मजुरीच ओरडते.

---

कडक_भाकरी

खडूस सिस्टर, तुमच्या हाताखाली काम केलेल्यांचं काय झालं असंल 😄

---

खडूस_सिस्टर

सगळ्या शिकल्या. तीन मेट्रन झाल्या.

---

खाडीकाठ

मी वसईची, कॅथलिक. आमच्याकडे १ मे ला कामगार संत जोसेफचा सण असतो, पोप पायस बारावे यांनी तो १९५५ मध्ये सुरू केला. बाकी दुनिया ज्या दिवशी कामगार दिन पाळते, मुद्दाम त्याच दिवशी. जोसेफ सुतार. शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एक वाक्य नाही, माहितेय ना? एकही नाही. उठला, केलं, झोपला, स्वप्न पडलं, परत उठला, केलं.

पण मला दुसरंच सांगायचंय. माझं माहेर कोळीवाड्यातलं. योहान २१ आमच्या घरी वेगळं ऐकलं जायचं. प्रभू मेला, उठला, शिष्यांना दोनदा दिसला, एवढं सगळं होऊन पेत्र म्हणतो, मी मासे धरायला जातो. फादर लोक उपदेशात सांगतात की बघा, पेत्र जुन्या आयुष्याकडे परत गेला, कच खाल्ली. माझे बाबा त्यावर नेहमी चिडायचे. म्हणायचे, घरात बायको आहे, सासू आहे, तीन वर्षं हा माणूस दर्यावर गेलेला नाही, चूल कशी पेटणार? आणि येशूनं किनाऱ्यावर येऊन त्याला विचारलं का, होडीत काय करतोयस? जाळं उजवीकडे टाक म्हणाला. १५३ मासे. मोजलेत म्हणजे विकायचे होते, असं बाबांचं म्हणणं. देवासाठी धरलेले मासे कोण मोजतो?

आणि तोपर्यंत यानं काठावर कोळसा पेटवून भाकर नि मासा भाजून ठेवलेला. रात्रपाळीवरून आलेल्यांना आधी जेवा म्हणाला. "माझ्यावर प्रेम करतोस का" हे सगळं जेवण झाल्यावर.

मी स्वतः सहा वर्षांनी शाळेत परत लागले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मला आधी काही कळलं नव्हतं. नंतरही फारसं नाही. फक्त बुधवारच्या चौथ्या तासाला, गणिताला, कधीकधी.

---

मधला_बाक

मासे मोजले म्हणजे विकायचे होते. हे मान्य करायलाच हवं, भारी आहे 🙂

---

दुसरी_पाळी

पाच आठवडे झाले. उशीर झाला, माफ करा, पण लिहायला बसायचं म्हणजे कधी झोप येते कधी नळ.

खडूस सिस्टर, नेमणूकपत्र लेखी घेतलं. मागताना आवाज कापला पण मागितलं. पीएफचा जुना नंबर २०११ च्या पगारचिठ्ठीवर मिळाला, सासूबाईंच्या औषधांच्या डब्यात होती ती चिठ्ठी, का ते विचारू नका.

पहिला आठवडा फार वाईट गेला. आम्हाला कॉलेजात सीपीआरला (हृदय बंद पडलं की छाती दाबणं, श्वास देणं) ए-बी-सी शिकवलेलं: आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छाती. २०१० मध्येच ते बदलून सी-ए-बी झालं होतं. म्हणजे मी नोकरीत होते तेव्हाच. त्या छोट्या हॉस्पिटलात कुणी सांगितलं नाही. ट्रेनिंगला प्लास्टिकच्या माणसासमोर बसले आणि पहिलं त्याचं तोंड उघडायला गेले. शिकवणारा मुलगा म्हणाला, "मॅम, छातीपासून." मिनिटाला १०० ते १२०, निदान पाच सेंटिमीटर खोल, तीस दाबांमागे दोन श्वास. दुसऱ्या फेरीला मनगटं भरून आली. पण खोली बरोबर होती, त्यानं सांगितलं. भाकरी थापणाऱ्या हाताला खोली सांगावी लागत नाही.

कचऱ्याच्या पिशव्याही २०१६ च्या नियमांनी बदलल्यात. काळी गेली. हातमोजे आणि सलाइनच्या नळ्या लालमध्ये, रक्ताचा कापूस पिवळीत, सुया पांढऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. मी दोन दिवस प्रत्येक वस्तू हातात घेऊन शाळकरी पोरीसारखी भिंतीवरच्या चार्टकडे बघत होते.

आणि कॅन्युला, सलाइनसाठी शिरेत घालतात ती नळी. एका आजोबांना गुलाबी लावायला गेले, दोनदा चुकली. शीर दिसत होती, हाताला लागत होती, पण सुई आत गेली की पळायची. तेवीस वर्षांची एक मुलगी आली, म्हणाली "मॅम, मी बघू का?" आणि निळी, म्हणजे जरा बारीक, घेऊन एका दमात. आजोबांनी तिला आशीर्वाद दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही नवीन दिसता." वीस वर्षांपूर्वी पास झालेली मी. स्टोअररूममध्ये जाऊन सलाइनच्या खोक्यावर बसले. प्रार्थना वगैरे सुचली नाही. "प्रभू, शीर सापडू दे" एवढंच. चौथ्या दिवशी सापडायला लागली.

रविवारची ड्युटी येते महिन्यातून दोनदा. सकाळी आठला पोरं आणि मिस्टर उपासनेला निघतात आणि मी वॉर्डात ओव्हर (आधीच्या पाळीकडून ताबा) घेत असते. आवडत नाही. गायनमंडळातली माझी जागा रिकामी असते आणि ती रिकामी आहे हे पोरगी येऊन आवर्जून सांगते.

---

जुन्या_चाळीतला

लूक १४:५. बैल विहिरीत पडला तर शब्बाथाला काढता की नाही? तुझ्या वॉर्डात बैल किती, बेड किती, मोजून घे.

गायनमंडळाचं मात्र मी काही करू शकत नाही. अल्टोला (बायकांच्या खालच्या सुराला) तशीही माणसांची मारामार असते.

---

कृपासागर

सिस्टर, माझं आधीचं लिहिणं तुम्हाला लागलं असेल तर क्षमा असावी. माझी आईपण अंथरुणाला आहे, दोन वर्षं झाली. बायको करते सगळं. तुमचा तो २५,५५० वाला हिशेब मी तिला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. रात्री दोनची पाळी आता मी घेतो.

---

कडक_भाकरी

🙏

---

रानजाई

आणि त्या बुधवारच्या ताई? त्यांना खरं सांगितलंस की नाही?

---

दुसरी_पाळी

सांगितलं. गेल्या बुधवारी सुट्टी होती, गेले. प्रार्थना झाल्यावर चहा घेताना म्हटलं, "ताई, मागे मी खोटं बोलले. मी पगारासाठीच जाते." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. बशीतला चहा संपवला. मग माझ्याजवळ सरकून हळूच विचारलं, "किती देतात गं?"

मी सांगितलं. त्यांची सून जीएनएम आहे, सहा वर्षं घरी बसलीय. मला माहीतच नव्हतं! एकाच मंडळीत, पाच बाक अंतरावर.

परवाच्या रात्रपाळीचं एक सांगते आणि थांबते. आमच्याकडे एक आजी आहेत, अक्कलकोटच्या पलीकडच्या, कानडी बोलतात. डावी बाजू गेलेली. वॉर्डात कूस बदलण्याचा तक्ता असतो, वेळ लिहायची, कोणत्या कुशीवर ते लिहायचं, पुढे सही. रात्री दोनला गेले, उशी पाठीला लावली, टाचांखाली घडी ठेवली, चादरीची सुरकुती काढली. आजींनी कानडीत काहीतरी विचारलं. मला कानडी येत नाही, मी मराठीत "हो आजी" म्हटलं, त्यांना ते पुरलं. मग तक्त्यात लिहिलं: २.००, उजवी कूस. सही केली. चारला परत लिहिलं, सही केली. सकाळी ओव्हर देताना त्या तेवीस वर्षांच्या मुलीनं तक्ता बघितला आणि म्हणाली, "मॅम, तुम्ही टाचेखाली घडी ठेवता, ते आम्हाला कुणी शिकवलं नाही. कुठे शिकलात?"

मी म्हटलं, "घरी."

@रानजाई, ताईंच्या सुनेचं रजिस्ट्रेशन संपलंय. ते सीएनईचे तास तुझ्या बहिणीनं कुठे भरले होते? मी प्रत्यक्ष जाऊन केले होते, पण तिचं बाळ लहान आहे.

---

रानजाई

विचारून संध्याकाळी लिहिते. आधी तिला नोंदणीचा जुना क्रमांक शोधून ठेवायला सांग.

---

दुसरी_पाळी

सांगते. चार दिवसांनी आज पाणी आलंय, उठते.